फिल्टरच्या यादीत साडेचार हजार नावं आहेत, लोक वैतागलेत. काय करता येईल?

तक्ता_रोजचा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

विक्रीचा डॅशबोर्ड (आकडे आणि चार्टचं पान) आहे, पॉवर बीआय या रिपोर्टिंग टूलमध्ये. वरती तारखेशिवाय चार स्लायसर, म्हणजे फिल्टरच्या याद्या: विभाग, शाखा, ग्राहक आणि प्रॉडक्ट कोड. पहिले दोन छोटे, त्यांचा काही त्रास नाही. ग्राहकांची यादी साडेचार हजारांच्या आसपास आहे आणि प्रॉडक्ट कोड त्याहून जास्त. ड्रॉपडाउन उघडला की स्क्रोलबारचा तो पकडायचा तुकडा इतका बारीक होतो की माऊस जरा हलला तरी शंभरेक नावं सरकतात, मग माणूस वर जातो, खाली येतो, परत वर जातो आणि शेवटी सगळा डेटा एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करून तिथे शोधत बसतो. म्हणजे डॅशबोर्ड केला कशाला?

सर्च चालू केलाय, स्लायसरच्या तीन टिंबांमधून. तरी तक्रार आहेच. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की एक ग्राहक शोधला, टिक केला, मग दुसरा शोधून टिक केला की पहिला गायब होतो. आता वरून सूचना आलीये की अ ते ज्ञ अशी अक्षरांची बटणं लावा, अक्षर दाबलं की तेवढीच नावं दिसतील. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते धड सांगताही येत नाहीये. तुमच्याकडे अशा लांब याद्या कशा हाताळता? टूल बदलायचा पर्याय सध्या नाही, पण दुसऱ्या टूलमधलं काही सुचलं तरी सांगा, आयडिया घेता येईल.

---

जुना_पिव्होट

पहिला गायब होतो त्याचं उत्तर आधी देतो कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. स्लायसरच्या फॉरमॅटमध्ये सिलेक्शनखाली 'मल्टी-सिलेक्ट विथ कंट्रोल' असतं, ते डीफॉल्टने चालू असतं. म्हणजे कंट्रोल दाबून धरल्याशिवाय दुसरं नाव क्लिक केलं की आधीचं सुटतं. ते बंद करा, मग साध्या क्लिकने टिक जमा होत जातात, मधे सर्च बदलला तरी चालतं. हे कुणी वापरणाऱ्याला सांगत नाही आणि तो बिचारा समजतो की डॅशबोर्डच बिघडलाय.

दुसरं म्हणजे 'अप्लाय ऑल स्लायसर्स'चं बटण टाका. आत्ता प्रत्येक टिकला सगळे चार्ट रिफ्रेश होत असणार, आठ ग्राहक निवडायचे तर आठ वेळा थांबायचं. बटण असलं की आरामात सगळं निवडायचं आणि एकदाच दाबायचं. शेजारी 'क्लिअर ऑल स्लायसर्स' पण ठेवा.

अक्षरांची बटणं नकोत. प्रॉडक्ट कोड बहुतेक एकाच दोन-तीन अक्षरांनी सुरू होत असतील, मग एका बटणात अर्धी यादी आणि बाकी बटणं रिकामी. नावांचंही तसंच, काही अक्षरांवर गर्दी असते, काहींवर दोनच नावं. शिवाय ज्याला पहिलं अक्षर माहितीये त्याला पुढची दोन अक्षरं पण माहितीच असतात, तो सर्चमध्ये टाइप करेल ना.

---

वापर_आधी

वरचं सगळं बरोबर आहे, ते आधी करून टाका. पण मी जरा मागे जाऊन विचारते. हा फिल्टर उघडणारा माणूस काय माहिती घेऊन येतो? कारण लांब यादी नुसती लांब आहे म्हणून त्रास होत नाही, समोरच्याच्या डोक्यात जे आहे आणि यादी जे मागते ते जुळत नाही म्हणून त्रास होतो. माझ्या अनुभवात तीन प्रकारची माणसं येतात आणि तिघांना एकच ड्रॉपडाउन देऊन चालत नाही.

एक, ज्याला नाव माहितीये. त्याला यादी बघायचीच नसते. त्याला सर्चचा बॉक्स पाहिजे, आणि तो समोर दिसायला पाहिजे, तीन टिंबांमागे लपलेला नको. अर्धवट नाव, मधला शब्द, कोडचे शेवटचे चार आकडे, काहीही टाकलं तरी सापडायला हवं, कारण लोक कोड शेवटच्या आकड्यांनी लक्षात ठेवतात.

दोन, ज्याला नाव माहीत नाही पण जागा माहितीये. म्हणजे 'त्या शाखेतला तो मोठा ग्राहक', 'त्या ग्रुपमधलं छोटं पॅकिंग'. याला सर्च काही कामाचा नाही, याला उतरंड पाहिजे. पॉवर बीआयच्या स्लायसरमध्ये एकापेक्षा जास्त फील्ड टाकले की आपोआप उतरंड होते: कॅटेगरी, मग ग्रुप, मग कोड. बंद असताना वीस-पंचवीस ओळी दिसतात, पाहिजे तिथे उघडायचं. फक्त वरच्या पातळ्या वापरणाऱ्याच्या ओळखीच्या असल्या पाहिजेत. अकाउंटिंगसाठी बनवलेली ग्रुपिंग असेल तर विक्रीवाला त्यात हरवतो.

तिसऱ्याचा विचार सगळ्यात कमी होतो आणि त्रास सगळ्यात जास्त त्यालाच होतो: जो यादी हातात घेऊन येतो. मेलमध्ये तीस कोड आलेत, 'यांचं गेल्या तिमाहीचं काय झालं ते पाठव'. आता हा माणूस तीस वेळा सर्च करणार, तीस वेळा टिक करणार? नाही करणार, तो एक्सपोर्ट करणार आणि व्हीलुकअप (एक्सेलचं कोड जुळवून आकडा आणणारं सूत्र) लावणार. तुमचे एक्सपोर्टवाले बहुतेक हेच आहेत, एकदा शेजारी बसून बघा ते एक्सपोर्टनंतर नेमकं काय करतात. टॅब्लो या दुसऱ्या डॅशबोर्ड टूलमध्ये फिल्टरचा एक प्रकार आहे, मल्टिपल व्हॅल्यूज कस्टम लिस्ट, त्यात अख्खी यादी पेस्ट करता येते. अशी सोय कुठेही बनवायची वेळ आली तर दोन गोष्टी नक्की पाळा.

पहिली, पेस्ट केलेला मजकूर घाणेरडा असणार हे धरून चाला. कुणी स्वल्पविराम टाकेल, कुणी नवी ओळ, कुणी टॅब, मागेपुढे स्पेस असणार. आणि एक्सेलमधून आलेल्या कोडांची सुरुवातीची शून्यं गेलेली असतात, ००४५१७ चं ४५१७ झालेलं असतं, कारण एक्सेल त्याला आकडा समजतो. कोडची लांबी ठरलेली असेल तर पुढची शून्यं तुम्हीच भरून जुळवा, माणसाला दोष देऊ नका.

दुसरी, जे जुळलं नाही ते नावानिशी सांगा. '३० पैकी २७ सापडले, हे ३ सापडले नाहीत' आणि खाली ते तीन कोड. हे नाही दाखवलं तर माणूस २७ ची बेरीज ३० ची म्हणून पुढे पाठवतो, आणि ती चूक मग कुणाच्याच लक्षात येत नाही. मला तर वाटतं या पूर्ण विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, यादी सोयीची नसेल तर वेळ जातो, पण हे चुकलं तर आकडाच चुकतो.

---

एसक्यूएल_दुपारी

डेटाच्या बाजूने थोडं.

यादी खरंच साडेचार हजारांची आहे का ते आधी तपासा. मी बघितलेल्या बऱ्याच याद्यांमध्ये एकच नाव तीन तऱ्हेने असतं, शेवटी स्पेस असलेलं, लिमिटेड पूर्ण लिहिलेलं आणि एलटीडी लिहिलेलं. वापरणारा एकाला टिक करतो आणि त्याला अर्धीच विक्री दिसते. मग बंद झालेले ग्राहक, टेस्टिंगसाठी टाकलेले, कधीकाळी एकदाच काही घेतलेले. हे साफ केलं तर स्क्रोलबार आपोआप बरा होतो. नावाऐवजी ग्राहक क्रमांकावर फिल्टर लावा आणि नाव फक्त दाखवा, म्हणजे नाव बदललं तरी सेव्ह केलेलं सिलेक्शन मोडत नाही.

स्लायसरची यादी फॅक्ट टेबलमधून (विक्रीच्या प्रत्येक नोंदीचं टेबल) डिस्टिंक्ट, म्हणजे वेगवेगळी नावं काढून आणू नका, मास्टर टेबलमधून (प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ असलेलं) आणा. कोट्यवधी ओळी चाळून चार हजार नावं काढण्यात काही अर्थ नाही.

इतर टूलवाल्यांसाठी: सुपरसेटमध्ये फिल्टर सुरुवातीला जास्तीत जास्त १००० व्हॅल्यू लोड करतो, त्याहून जास्त असतील तर 'डायनॅमिकली सर्च ऑल फिल्टर व्हॅल्यूज' चालू करावं लागतं. ते नसेल तर १००० च्या बाहेरचं नाव शोधलं की सापडत नाही आणि लोकांना वाटतं डेटाच आला नाही. एक्सेलच्या ऑटोफिल्टरमध्येपण हा प्रकार आहे, ड्रॉपडाउनमध्ये १०,००० पर्यंतच वेगळ्या व्हॅल्यू दिसतात. मर्यादा असायला हरकत नाही, पण यादी कापली असेल तर ते तिथेच लिहिलेलं पाहिजे, 'पहिली १००० दाखवली आहेत, बाकीसाठी टाइप करा', एवढं पुरतं.

सर्च डेटाबेसवर जात असेल तर मधला मजकूर शोधताना साधा बी-ट्री इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेली सूची) कामाला येत नाही, कारण शोधायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'इथे काहीही चालेल' अशा अर्थाचं टक्क्याचं चिन्ह असतं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजी_टीआरजीएम (pg_trgm) हे एक्स्टेन्शन टाकून जिन प्रकारचा इंडेक्स लावा, फरक लगेच जाणवतो. स्पेलिंगमध्ये थोडी चूक असली तरी जवळची नावं त्याच्यातूनच काढता येतात.

आणि 'सर्व' निवडलं असेल तर क्वेरीत सर्वच्या सर्व चार हजार आयडी इनमध्ये (IN, 'यांपैकी कुठलाही' ही अट) भरून पाठवू नका, अट काढूनच टाका. ओरॅकलच्या जुन्या व्हर्जनमध्ये इनच्या यादीत १००० च्या वर गेलं की एररच येतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटरची मर्यादा २१०० आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, 'सर्व' म्हणजे आजची यादी की उद्या येणारे नवीन ग्राहक धरून, हे ठरवा. आयडी भरून सेव्ह केलं तर पुढच्या महिन्यातला नवीन ग्राहक गुपचूप बाहेर राहतो.

---

टॅबने_फिरते

मी फ्रंटएंडवाली आहे, आम्ही स्वतःच डॅशबोर्ड बनवतो त्यामुळे पॉवर बीआयचं वरच्यांनी सांगितलंय ते धरा, पण काही गोष्टी कुठल्याही टूलमध्ये तपासून घ्यायला हव्यात.

निवडलेलं काय आहे ते यादी न उघडता दिसलं पाहिजे. बंद ड्रॉपडाउनवर नुसतं 'एकापेक्षा जास्त निवडले' असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. दोन-तीन नावं आणि 'अजून ५' असं, प्रत्येकाशेजारी फुली. स्क्रीनशॉट काढून पाठवणारे खूप असतात, त्या स्क्रीनशॉटमध्ये फिल्टर काय होता ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर दोन दिवसांनी त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

निवडलेली नावं यादीत वर आणणं चांगलं, पण यादी उघडी असताना नको. टिक केलं आणि ओळ उडी मारून वर गेली की पुढचा क्लिक भलत्याच नावावर पडतो. बंद करून परत उघडली की मग वर दाखवा.

'सर्व निवडा'चं नीट ठरवा. सर्चमध्ये काही टाइप केलेलं असताना 'सर्व' दाबलं तर सगळी यादी की सापडलेली तेवढीच? वापरणाऱ्याच्या मनात नेहमी सापडलेलीच असतात. तेव्हा तिथे लिहाच, 'सापडलेली १८ निवडा'. आणि आधी निवडलेल्यांचं काय, ती राहणार की जाणार? एक्सेलने यासाठी ऑटोफिल्टरच्या सर्चमध्ये वेगळा चेकबॉक्स दिलाय, 'ॲड करंट सिलेक्शन टू फिल्टर', तो टिक केला नाही तर आधीचं जातं. आमच्याकडे आम्ही उलट ठेवलंय, आधीचं कायम राहतं, काढायचं असेल तर वेगळं बटण. आम्हाला हेच बरं पडलं.

मोठी यादी झटपट दाखवण्यासाठी बहुतेक लायब्ररी दिसणाऱ्या ओळीच पानावर ठेवतात, बाकीच्या स्क्रोल होईल तशा बनतात. वेग मिळतो पण ब्राउझरचा कंट्रोल एफ त्या यादीत चालेनासा होतो आणि स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) यादी वीसच ओळींची वाटते. त्यामुळे स्वतःचा सर्च बॉक्स लागतोच, आणि प्रत्येक ओळीला एरिया-सेटसाइझ आणि एरिया-पॉसइनसेट द्यावं लागतं, म्हणजे '४५०० पैकी ३१२ वी' असं ऐकू येतं. बाणाने खालीवर, एंटरने निवड, एस्केपने बंद, आणि बंद झाल्यावर फोकस परत त्याच बॉक्सवर. दिवसभर डॅशबोर्ड वापरणारे लोक माऊस सोडतात, त्यांच्यासाठी हे फार मोठं असतं.

टाइप करताना प्रत्येक अक्षराला क्वेरी मारू नका, पाव सेकंद थांबा. आणि जुन्या अक्षरांचं उत्तर उशिरा आलं तर टाकून द्या, नाहीतर 'शर' चं उत्तर 'शर्मा' च्या उत्तरावर येऊन बसतं.

मराठी नावं असतील तर अजून एक. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोडने लिहिता येतं किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन कोडांनी. दिसायला सारखं, तुलना केली की वेगळं. दोन्ही बाजू एनएफसीमध्ये (युनिकोडचं ठरलेलं एकच रूप) आणून मग जुळवा. त्यानेपण र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारा जोडणारा कोड) वापरून लिहिलेला अर्धा ऱ्य जुळत नाही, तो नियम हाताने घालावा लागतो. आणि क्रम लावताना नुसता कोडचा क्रम नको, मराठीचं कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) वापरा, जावास्क्रिप्टमध्ये इंटल.कोलेटर आहे.

---

तक्ता_रोजचा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. कंट्रोलवालं बंद केलं, अप्लायचं बटण टाकलं, आणि एवढ्यानेच दोघांनी स्वतःहून सांगितलं की बरं झालं. अक्षरांच्या बटणांचं मी जुना_पिव्होट यांचं म्हणणं जसंच्या तसं वर सांगितलं, ते पटलं. प्रॉडक्टला उतरंड केली. एक्सपोर्टवाल्यांशेजारी बसलो आणि खरंच, वापर_आधी ताई म्हणतात तसंच निघालं, मेलमधली यादी घेऊन व्हीलुकअप. पेस्टचं काय करायचं ते बघतोय.

आता एक अडलंय. शाखा निवडली की ग्राहकांच्या यादीत त्या शाखेचेच ग्राहक यावेत म्हणून ग्राहकाच्या स्लायसरवर विक्रीचं मेझर (हिशेबाचं सूत्र) फिल्टर म्हणून लावलं, 'इज नॉट ब्लँक', म्हणजे ज्यांचा आकडा रिकामा नाही तेवढेच. यादी एकदम छोटी झाली, मस्त. पण तारखेचा स्लायसर या महिन्यावर ठेवला की ज्यांनी या महिन्यात काही घेतलं नाही ते यादीतूनच जातात. आणि एक जण नेमका तेच बघायला आला होता, त्याचा नेहमीचा ग्राहक का दिसत नाही म्हणून. हे काढून टाकू का?

---

वापर_आधी

इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. 'फक्त संबंधित तेच दाखवा' ऐकायला छान वाटतं, टॅब्लोमध्ये तर 'ओन्ली रिलेव्हंट व्हॅल्यूज' म्हणून तयार पर्यायच आहे. पण ज्याने या महिन्यात काहीच घेतलं नाही तो ग्राहक विक्रीच्या माणसासाठी सगळ्यात संबंधित असतो! तो यादीतून गेला की प्रश्नच विचारता येत नाही, आणि शोधून सापडला नाही की माणूस म्हणतो डॅशबोर्डमध्ये डेटा नाही. मी तर म्हणेन की शाखेने यादी छोटी होऊ दे, तारखेने नको. शाखा ही ग्राहकाची ओळख आहे, तारीख ही बघायची खिडकी आहे.

---

एसक्यूएल_दुपारी

मी थोडा वेगळा आहे. तारीख अगदीच सोडून दिली तर दहा वर्षांपूर्वीचे बंद ग्राहक परत येतात आणि आपण होतो तिथेच. मधला मार्ग काढा, 'गेल्या दोन वर्षांत काहीतरी घेतलेले', तो काळ तुमच्या धंद्याप्रमाणे. त्याहून जुने सर्चमध्ये तरी सापडावेत, पण पॉवर बीआयच्या एकाच स्लायसरमध्ये ते जमणार नाही, त्यासाठी वेगळं पान ठेवा.

---

जुना_पिव्होट

दोघांचंही एकाच मेझरमध्ये बसतं. आत्ताचं विक्रीचं मेझर त्या स्लायसरवरून काढा आणि फक्त स्लायसरसाठी एक वेगळं मेझर बनवा: विक्रीच्या ओळी मोजायच्या, कॅल्क्युलेटमध्ये तारखेच्या टेबलवर रिमूव्हफिल्टर्स, आणि वरून गेल्या दोन वर्षांची अट. म्हणजे तारखेचा स्लायसर कुठेही असला तरी त्याचा या यादीवर परिणाम होत नाही, शाखेचा मात्र होतो. 'इज नॉट ब्लँक' तसंच ठेवा.

याच कामासाठी कुणी टेबलांमधली रिलेशनशिप (जोडणी) दोन्ही दिशांनी करायला सांगेल, ते करू नका. मॉडेलभर परिणाम होतो, वेग जातो, आणि उद्या भलत्याच चार्टमधला आकडा बदलला की कारण सापडत नाही. मेझरचा फिल्टर त्या एका स्लायसरपुरता राहतो.

आणि ज्या टेबलमध्ये ग्राहक दिसतात तिथे ग्राहकाच्या फील्डवर 'शो आयटम्स विथ नो डेटा' चालू करा. नाहीतर ग्राहक स्लायसरमध्ये सापडेल, निवडला की खालचं टेबल रिकामं दिसेल आणि परत तीच तक्रार येईल. चालू केलं की नाव दिसतं आणि समोरचा रकाना कोरा. तिथे शून्य पाहिजे असेल तर मेझरमध्येच करता येतं, पण ते फक्त त्या टेबलच्या मेझरला करा, स्लायसरवरच्या मेझरला नको, नाहीतर ब्लँक कुणी उरणारच नाही आणि यादी परत साडेचार हजारांची होईल.

---

तक्ता_रोजचा

केलं. शाखा निवडून तारीख पुढेमागे करून बघितली, यादी हलत नाही, आणि तो ग्राहक आता नावासकट दिसतोय. काळ मात्र दोनऐवजी तीन वर्षं ठेवला, कारण आमच्या काही मशिनरीवाल्या ग्राहकांची खरेदी दोन-अडीच वर्षांनीच होते. पेस्टच्या प्रश्नासाठी वेगळं विचारेन, त्या शून्यांच्या भानगडीसकट.